दोन विमानतळांमधलं अंतर एकच, मग प्रवासाचे तास वेगवेगळे का?

खडूफळा

शाळेच्या भूगोल कक्षासाठी एक मोठा तक्ता तयार करते आहे. जगातल्या विमानतळांच्या काही जोड्या, प्रत्येक जोडीपुढे हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ, एवढंच त्यात हवं आहे. काम सोपं वाटलं होतं. आता आकडे जमवायला बसल्यावर एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

न्यूयॉर्कचा जेएफके आणि लंडनचा हीथ्रो ही जोडी घ्या. अंतर काढून देणारी संकेतस्थळं साधारण ५,५४० किमी सांगतात, तिथपर्यंत एकवाक्यता आहे. वेळेचं मात्र तसं नाही. कुणी साडेसहा तास म्हणतं, कुणी सव्वासात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तास आणि लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे आठ तास दिसतात. शिवाय उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या नकाशावर विमान ५,५४० पेक्षा जास्त किलोमीटर उडालेलं असतं, आणि रोज वेगळ्या वाटेनं.

माझे प्रश्न तीन. अंतर म्हणून नेमकं काय मोजलं जातं? जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो? आणि तक्त्यात वेळेच्या रकान्यात मी कुठला आकडा लिहू, म्हणजे मुलांना खोटं काही शिकवलं जाणार नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

नकाशावेडा

छान विषय, ताई. पहिल्या प्रश्नावर लिहितो.

संकेतस्थळं देतात ते बृहद्वृत्तावरचं अंतर, ज्याला सगळे ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. गोलावरच्या दोन बिंदूंमधून आणि गोलाच्या केंद्रातून जाणारं एक प्रतल कल्पा. ते प्रतल गोलाला जिथे कापतं ते बृहद्वृत्त. त्याचा दोन बिंदूंमधला लहान तुकडा म्हणजे पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची वाट.

भिंतीवरच्या नकाशात ही वाट वाकडी दिसते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची दिशा कायम ठेवून जायचं असेल तर त्या नकाशावर सरळ रेघ मारता येते. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश प्रचंड ताणला जातो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. अशा नकाशावर दोन विमानतळ पट्टीनं जोडले तर ती रेघ जवळची वाट दाखवत नाही.

मुलांना पटवायला हे उदाहरण वापरा. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर दोन ठिकाणं घ्या, एकमेकांच्या बरोबर समोर, म्हणजे रेखांशांत १८० अंशांचा फरक. अक्षवृत्ताला धरून पूर्वेकडे गेलात तर सुमारे १०,००० किमी पडतात. उत्तर ध्रुवावरून थेट गेलात तर ३० अंश वर आणि ३० अंश खाली, मिळून ६० अंश, म्हणजे सुमारे ६,६७० किमी. एक तृतीयांश अंतर वाचलं!

आता खऱ्या जोडीकडे या. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, दोन्ही ४०.५ अंश उत्तरेच्या आसपास. नकाशा बघून कुणीही म्हणेल, सरळ पूर्वेकडे निघा की माद्रिद. त्या वाटेनं सुमारे ५,९३० किमी होतात. बृहद्वृत्तावरून सुमारे ५,७६०. ही जवळची वाट आधी ईशान्येकडे चढते, अटलांटिकच्या मध्यावर ४६ अंशांच्या पुढे जाते आणि मग खाली उतरते.

सहप्रवासी

+१. वर्गात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून दाखवा. दोन शहरांवर बोटं ठेवून दोरा ताठ केला की तो आपोआप बृहद्वृत्तावर बसतो. मुलं ग्रीनलंडवरून गेलेला दोरा बघून थक्क होतात.

त्रिज्या

नकाशावेडा यांनी भूमिती सांगितली, मी हिशेबाची बाजू लिहिते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे स्वतः करता येईल.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. दोन्हींची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन काढला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मिळतो. कोन रेडियनमध्ये असेल तर त्याला ६,३७१ नं गुणा, किलोमीटर हातात. ठिकाणं फार जवळजवळ असतील तर या सूत्रात दशांशचिन्हापुढच्या अंकांची काटछाट त्रास देते. अशा वेळी हॅवरसाइन सूत्र वापरतात, उत्तर तेच.

६,३७१ किमी ही सरासरी त्रिज्या. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे, विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७. म्हणून गोल धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. अचूक काम करणारे लोक पृथ्वीला लंबगोलाभ मानून, जीपीएस ज्या मापांवर चालतं तीच मापं घेऊन हिशेब करतात. त्यासाठी विन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत प्रसिद्ध आहे. तुम्हाला दोन संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर बहुधा याच कारणानं. तक्त्यासाठी आकडा जवळच्या दहा किलोमीटरपर्यंत लिहा, त्यापुढची अचूकता शोभेची.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: रेखांशांचं चिन्ह. पश्चिम रेखांश वजा धरायचे असतात. हीथ्रो शून्य रेखावृत्ताला इतकं खेटून आहे की तिथे वजा विसरलं तरी फारसं बिघडत नाही. जेएफके ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. तिथलं वजा गळालं तर तुमचं न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेच्या डोंगरांत जाऊन पडतं. आणि उत्तर ‘चुकलं’ असं यंत्र सांगत नाही, ते शांतपणे लंडन ते किर्गिझस्तानचं अंतर देतं.

झुळूक

त्रिज्याताई, यात अजून एक भर. शहराच्या नावावरून शोधू नका, विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतावरून शोधा. सिडनी नावाचा विमानतळ ऑस्ट्रेलियात आहे तसा कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. त्यांचे संकेत अनुक्रमे एसवायडी आणि वायक्यूवाय. नावावरून चुकीचं तिकीट काढून भलत्या सिडनीला उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. शिवाय लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशा शहरांत एकाहून अधिक विमानतळ आहेत, तेव्हा ‘लंडन ते टोकियो’ हा प्रश्नच अर्धवट राहतो.

सहप्रवासी

एक शंका. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं. मग वरच्या मोठ्या वर्तुळावर अंतर वाढत नाही का? नकाशावर जास्त किलोमीटर दिसतात ते त्यामुळे का?

त्रिज्या

वाढतं, पण नगण्य. ११ ला ६,३७१ नं भागा, ०.१७ टक्के येतात. न्यूयॉर्क-लंडनच्या ५,५४० किमीवर जेमतेम दहा किलोमीटर. नकाशावर दिसणारे शे-दोनशे जादा किलोमीटर त्यातून येत नाहीत.

रात्रपाळी

ते कुठून येतात हे मी सांगतो. माझं काम फ्लाइट डिस्पॅचचं, म्हणजे विमान सुटण्याआधी त्याची वाट, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवण्याचं. खडूफळाताईंनी विचारलेला दुसरा प्रश्न आमच्या टेबलावर रोज असतो, म्हणून जरा लांब लिहितो.

विमान बृहद्वृत्ताच्या रेघेवर क्वचितच तंतोतंत उडतं. धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते. लंडनहून पश्चिमेला जायचं असलं तरी उड्डाण पूर्वेकडे करावं लागू शकतं, मग वळसा. गर्दीच्या विमानतळांवर निघण्याचे आणि उतरण्याचे मार्ग आखून दिलेले असतात. वादळं टाळायची, लष्करी सरावाचे पट्टे टाळायचे. यातून ते जादा किलोमीटर जमा होतात.

पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं अंतर वेगळंच असतं. विमान हवेत पोहतं आणि ती हवा स्वतः वाहत असते. म्हणून जमिनीवरचे किलोमीटर एक, आणि हवेतून कापावे लागणारे किलोमीटर दुसरे. इंधन जळतं ते या दुसऱ्या अंतरासाठी. पाठीमागून वारा असला तर हवेतलं अंतर जमिनीवरच्या अंतराहून कमी भरतं, समोरून असला तर जास्त. संगणकाला आम्ही विचारतो ते ‘सर्वांत कमी वेळाची किंवा कमी खर्चाची वाट कुठली’ असं. ‘सर्वांत कमी किलोमीटरची कुठली’ असं कधीच विचारत नाही.

उत्तर अटलांटिकवर हे रोज घडतं. कॅनडातलं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज बघून समुद्रावरचे समांतर मार्ग दररोज नव्यानं आखतात. रात्री युरोपकडे जाणाऱ्यांसाठी वारा पकडणारे, दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वारा चुकवणारे. तुम्हाला रोज वेगळी वाट दिसते ती म्हणून.

वातकुक्कुट

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून येतोच.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद, वेगवान पट्टा. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून तो तयार होतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळतो. हिवाळ्यात तो फरक मोठा, म्हणून वाराही जोरात. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केलं आणि बाहेरच्या जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. भूगोल कक्षात त्यांचं नाव कुठेतरी जरूर लिहा.

आता गणित. ५,५०० किमीचा पल्ला, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी. वारा नसेल तर एका फेरीला ६ तास ७ मिनिटं, जाऊन येऊन १२ तास १३ मिनिटं. आता पश्चिमेकडून ताशी १५० किमीचा वारा सोडा. पूर्वेकडे वेग १,०५०, वेळ ५ तास १४ मिनिटं. परतताना वेग ७५०, वेळ ७ तास २० मिनिटं. बेरीज करा: १२ तास ३४ मिनिटं.

जाताना जेवढं मिळालं तेवढंच येताना गेलं असं होत नाही, एकूण २१ मिनिटं जास्तच लागली. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. मुलांना आधी अंदाज विचारा आणि मग हिशेब करू द्या. बहुतेकांचा अंदाज ‘बरोबरी होईल’ असाच असतो.

अंबर_११

पण मुळात पृथ्वीच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला खालची जमीन सामोरी यायला हवी आणि लवकर पोहोचायला हवं. इथे उलट होतंय. मला लहानपणापासून हे कोडं आहे.

वातकुक्कुट

अंबर, धावपट्टीवर उभं असलेलं विमान पृथ्वीबरोबर आधीपासूनच फिरत असतं. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किमी. विमान उडाल्यानं तो वेग नाहीसा होत नाही, आणि ज्या हवेत ते उडतं तीही पृथ्वीबरोबरच फिरते. एरवी हेलिकॉप्टर हवेत नुसतं तरंगलं असतं आणि खालून शहर सरकून गेलं असतं! पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेवर परिणाम होतो तो आडमार्गानं, वाऱ्यांना वळण देऊन.

अंबर_११

आता उलगडलं. पण मग बातमीत वाचलेलं एक विमान आवाजाच्या वेगानं गेलं होतं म्हणतात, ते काय? फेब्रुवारी २०२० मधली बातमी होती.

रात्रपाळी

ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७, जेएफके ते हीथ्रो, ४ तास ५६ मिनिटं. किआरा वादळाच्या दिवसांत जेट स्ट्रीम विलक्षण जोरात होती. जमिनीसापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग ताशी सुमारे १,२२५ किमी, म्हणून ‘आवाजाहून वेगवान’ अशी हाकाटी झाली. पण आवाज हवेतून जातो, त्यामुळे तुलना हवेशीच करायला हवी. अकरा किलोमीटरवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. विमान त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी ९०० किमीच्या घरात होतं. बाकीचा सगळा वेग वाऱ्यानं दिलेला. खरोखर आवाजाच्या पुढे गेलं ते काँकॉर्ड. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यानं न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गाठलं.

नकाशावेडा

रात्रपाळीदादा, लांबची वाट लवकर पोहोचवते याचं एखादं ठळक उदाहरण आहे का? तक्त्यात चौकट करून देता येईल.

रात्रपाळी

आहे, आणि माझ्या मते याहून चांगलं सापडणार नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. बृहद्वृत्तावरचं अंतर सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकच्या बाजूनं जायचं, सुमारे १३,९०० किमी, वारा बराच वेळ समोरून. ऑक्टोबर २०१६ पासून ते पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेलं. पल्ला सुमारे १५,३०० किमी झाला, म्हणजे १,४०० किमी जास्त. पाठीशी जेट स्ट्रीम असल्यानं वेळ साडेचौदा तासांच्या आसपास आला, आधीपेक्षा दीड-दोन तास कमी. येताना मात्र पॅसिफिकवरून नाही बरं का, वारा तेव्हाही पश्चिमेचाच असतो. म्हणून परतीची वाट अटलांटिककडून, पुन्हा पूर्वेकडेच तोंड करून. जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला, अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा!

न्यूयॉर्क-सिंगापूर हीसुद्धा अशीच जोडी. सरळ अंतर सुमारे १५,३५० किमी. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किमीपेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत, त्याच्या तीन चतुर्थांश. वेळापत्रकात १८ तासांहून जास्त. इतक्या लांबच्या पल्ल्यात कुठल्या महासागरावरून जायचं हे त्या दिवसाचा वारा ठरवतो.

झुळूक

वाऱ्याशिवायही वाट बदलणारी कारणं आहेत ना? फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांच्या आसपास होतं, ते तेरा तासांच्या घरात गेलं. काही फेऱ्या उत्तर ध्रुवावरून न्याव्या लागल्या. दोन्ही विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतर शोधणाऱ्याला आजही तेच किलोमीटर दिसतात, पण प्रवास साडेतीन तासांनी लांबला.

रात्रपाळी

अगदी बरोबर. जमिनीचा आकारही आडवा येतो. तिबेटच्या पठारावरून लांब वाटा सहसा आखत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथे तर जमीनच त्याहून उंच आहे. एक इंजिन बंद पडलं तर विमान आपली उंची टिकवू शकत नाही, हळूहळू खाली येतं, तोही विचार असतो.

समुद्रावर दोन इंजिनांच्या विमानांसाठी ईटॉप्सचा नियम. वाटेवरच्या कुठल्याही बिंदूपासून एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे. १९५३ च्या अमेरिकी नियमात ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली, पुढे १८०, आणि एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत. मर्यादा जसजशी वाढली तशा वाटा सरळ होत गेल्या. जुन्या पुस्तकातल्यापेक्षा प्रवासाचे तास आज कमी दिसतात याचं हेही एक कारण.

सहप्रवासी

पण उलटही दिसतं. काही ठिकाणी वेळापत्रकातले तास पूर्वीपेक्षा वाढले आहेत, आणि विमान अनेकदा वेळेच्या आधी पोहोचतं. हे कसं?

रात्रपाळी

वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम. गेटवरून चाकांचे अडसर काढून विमान हललं की तो सुरू होतो, आणि पलीकडच्या गेटवर थांबलं की संपतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं धरलेलं. न्यूयॉर्कहून लंडनला येताना हवेतले तास बहुतेक वेळा सहा-सव्वासहा असतात, छापलेले सात.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मोजणीत १५ मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तरच उड्डाण ‘उशिरा’ धरतात. कंपनीला स्वतःचा वक्तशीरपणा चांगला दिसायला हवा असतो, जोड-विमानं चुकू द्यायची नसतात, आणि आकाशात गर्दी वाढलेली. म्हणून वेळापत्रकात सांभाळून घेणारी मिनिटं घालतात. इंधन वाचवायला विमान थोडं सावकाश उडवण्याचाही निर्णय असतो. वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर विमानाच्या संगणकात भरलेलं असतं, त्यावरून तो वेग ठरवतो.

मी या छापील वेळेला फसवणूक म्हणणार नाही. प्रवाशाला पुढचं विमान पकडायचं असतं, त्याला हाच आकडा उपयोगाचा. पण भूगोलाच्या तक्त्यात तो आकडा ‘उडायला लागणारा वेळ’ म्हणून लिहू नका.

त्रिज्या

मग संकेतस्थळांवरच्या वेळा कशा काढतात तेही सांगून टाकते. बहुतेक ठिकाणी बृहद्वृत्ताचं अंतर घेतात, ८०० ते ९०० किमीच्या दरम्यानच्या एखाद्या ठरावीक वेगानं भागतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. वारा नाही, वळसा नाही, दिशा नाही. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ तिथे सारखाच दिसतो. मध्यम आणि लांब पल्ल्यांना ढोबळ अंदाज ठीक येतो. छोट्या पल्ल्यांना कोलमडतो, कारण विमान पूर्ण वेगाला पोहोचतच नाही. अगदी टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटांच्या आत-बाहेर, वारा साथीला असताना ५३ सेकंदांत झाल्याची नोंद. सूत्रानं अर्धा तास आला असता!

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे आणि छापूनही ठेवते. एक गाठ राहिली. मुलं तिकिटावरची निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा करतात आणि भलतंच उत्तर येतं. स्थानिक वेळांचं हे सोप्या रीतीनं कसं शिकवावं?

झुळूक

दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, आणायच्या आणि मगच वजाबाकी. स्थानिक वेळेतून त्या ठिकाणचा फरक वजा करायचा, फरक उणे असेल तर मिळवायचा. तारीखही सोबत लिहायला लावा, अर्धे घोटाळे तारखेचेच असतात.

वर्षभर एकच फरक गृहीत धरू नका. लंडन आणि सिडनी दोन्हीकडे उन्हाळी वेळ पाळतात, पण एकाचा उन्हाळा तो दुसऱ्याचा हिवाळा. त्यामुळे दोघांतला फरक कधी ९ तास, कधी ११, आणि बदलाच्या आठवड्यांत १०. पर्थमध्ये घड्याळ बदलत नाही, म्हणून लंडन-पर्थ फरक ७ किंवा ८. पर्थ ते लंडन थेट विमान २०१८ पासून आहे, सुमारे १४,५०० किमी, साधारण १७ तास. ही जोडी सरावाला चांगली.

आणि मुलांना हमखास आवडेल असं: सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. मध्ये जेमतेम सव्वाशे किलोमीटर समुद्र. सामोआनं ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे गेला. तेव्हापासून आपियाहून निघालेला माणूस पागो पागोला आदल्या दिवशी उतरतो. घड्याळाचे काटे तेच, तारीख मागची.

अंबर_११

मला वाटतं, तक्त्यात एकच सरासरी वेळ द्यावी. मुलांना इतका गुंता कशाला?

वातकुक्कुट

अंबर, मी इथे असहमत आहे. सरासरी काढली की जाण्या-येण्यातला फरक पुसला जातो, आणि या तक्त्यातून शिकण्यासारखं सर्वांत मोठं तेच आहे. पूर्वेकडे ७, पश्चिमेकडे ८ असं शेजारी-शेजारी दिसलं की मूल स्वतःच ‘का?’ विचारेल. सरासरी साडेसात लिहिली तर कुणी काहीच विचारणार नाही.

रात्रपाळी

वातकुक्कुट यांना अनुमोदन. आणि वेळ कुठे संपते हेही ठरवून लिहा. हा प्रश्न युरोपीय महासंघाच्या न्यायालयापर्यंत गेला होता. उशिराची भरपाई ठरवताना विमान ‘पोहोचलं’ कधी म्हणायचं, चाकं टेकली तेव्हा की गेटवर थांबलं तेव्हा? २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं, विमानाचं किमान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरता येऊ लागलं ती पोहोचण्याची वेळ. त्याच भरपाईच्या नियमात अंतर मात्र बृहद्वृत्तावरचंच धरतात, १,५०० आणि ३,५०० किमी हे टप्पे. विमान प्रत्यक्ष कुठून उडालं याच्याशी त्या मोजणीचा संबंध नाही.

खडूफळा

ठरलं मग. तक्त्यात चार रकाने करते: बृहद्वृत्तावरचं अंतर, पूर्वेकडे जाताना वेळापत्रकातला वेळ, पश्चिमेकडे जाताना वेळापत्रकातला वेळ, आणि दोन्हींतला फरक. वर स्पष्ट लिहीन, ‘गेट ते गेट’. पहिली ओळ जेएफके-हीथ्रो, ५,५४० किमी, सुमारे ७ तास, सुमारे ८ तास. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एक-दोन जोड्याही हव्यात, कुठल्या घेऊ?

नकाशावेडा

लंडन-केपटाऊन किंवा न्यूयॉर्क-लिमा घ्या. दोन्ही जोड्या जवळजवळ उत्तर-दक्षिण आहेत, जेट स्ट्रीम त्यांना आडवी छेदते. तुमच्या चौथ्या रकान्यात तिथे लहान आकडा येईल, आणि वर अटलांटिकच्या जोडीपुढे मोठा.

वातकुक्कुट

आणि कुठल्या महिन्याचं वेळापत्रक घेतलंत ते तळाशी नक्की लिहा. जानेवारीत घेतलेला पश्चिमेकडचा आकडा जुलैत बदललेला दिसू शकतो. जमलं तर एकाच जोडीचे दोन्ही महिन्यांचे आकडे मुलांकडूनच भरून घ्या.